वाचकांचे प्रश्न : वादळाने पत्रे नेले, विम्याने हात आखडला

वळवाच्या वादळांनंतर सातारा जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत घरदुरुस्ती आणि विम्याचे भांडण हे दोन विषय एकमेकांत गुंतून आले आहेत. सारखी पत्रे एकत्र करून त्यातले चार प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे आमचे स्थापत्य अभियंता आणि विमा दाव्यांचे जाणकार यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : आमचे घर कराड तालुक्यात आहे. ३६ बाय २२ फूट, ९ इंची विटांच्या भिंती, दोन पाखी पत्र्याचे छप्पर, मध्ये १२-१२ फुटांवर छप्पर पेलणाऱ्या दोन कैच्या (ट्रस). मे महिन्यातल्या वादळात पश्चिमेचे अख्खे पाखे गेले. काही पत्रे, कैच्यांवरच्या ज्या आडव्या पाइपांना ते हुकांनी धरले होते त्या पाइपांसकट, शेजारच्या उसात सापडले. गृहकर्जाच्या वेळी बँकेने ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी काढून दिली होती. फॅब्रिकेटरचे कोटेशन २ लाख १० हजारांचे आहे. सर्व्हेअरने ‘हुक गंजलेले, छप्पर जुने’ असा शेरा मारून ६८ हजार मंजूर केले. दुरुस्ती केली तर दावा बुडतो असे काही जण सांगतात, आणि पाऊस तर तोंडावर आहे. शिवाय तीन मिस्त्री तीन तऱ्हा सांगतात. काय करावे?
— एक वाचक, कराड तालुका

उत्तर : छप्पर आधी झाका. नुकसान आणखी वाढू न देणे ही विमेदाराचीच जबाबदारी आहे. उघड्या छपरातून महिनाभर पाऊस येऊन भिंती फुगल्या, तर त्या नुकसानीचे खापर कंपनी तुमच्यावर फोडेल. ‘दुरुस्ती केली की दावा बुडतो’ हे अर्धसत्य आहे. पुरावा न ठेवता केलेली दुरुस्ती दावा बुडवते.

म्हणून ताडपत्री चढवण्याआधी दोन तास फोटोंसाठी द्या. उडालेल्या प्रत्येक पत्र्यावर खडूने क्रमांक टाका, शेजारी टेप धरून फोटो काढा. हुकाची भोके, पाइपाची तुटलेली टोके, भिंतीचा माथा यांचे जवळून फोटो हवेत, आणि चारही बाजूंनी घराचे लांबून. आठ-दहा हुक, फाटक्या भोकांचा एक पत्रा आणि तुटलेल्या वेल्डिंगचा पाइपाचा एक तुकडा बाजूला ठेवा. बाकीचा पत्रा भंगारात घालण्याआधी कंपनीला लेखी कळवा. भंगाराची किंमत दाव्यातून वजा होते, त्यामुळे परस्पर विकल्यास तिथेच नवा वाद उभा राहतो.

ताडपत्री किमान २०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची) आणि ४५ बाय २० फुटांची घ्या, म्हणजे आढ्यावरून दुसऱ्या पाख्यावर चार-पाच फूट उतरेल. वर विटा-दगड ठेवू नका, पुढच्या वाऱ्यात तेच खाली येतात. ताडपत्रीची कड लाकडी पट्टीला दोन वेढे देऊन गुंडाळा आणि ती पट्टी पाइपाला बांधा. नुसत्या रिंगांतून दोरी ओवली तर पहिल्या रात्रीच रिंगा फाटतात. आढ्यावरून वाळूची पोती जोडीने, दोन्हीकडे लोंबती टाका. बिल जपून ठेवा, तेही दाव्यात मागता येते. भिंतीतून पाणी उतरले असेल तर मेन स्विच बंद ठेवा आणि वायरमनने इन्सुलेशन तपासल्याशिवाय चालू करू नका.

आता छप्पर कशामुळे गेले ते पाहू. दुरुस्तीही यावर ठरते आणि दावाही. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ४७ किलो भरतो. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम साडेचार किलोचा. वारा पत्र्याला ढकलण्यापेक्षा वर ओढतो जास्त, आणि ती ओढ उतारावर अवलंबून असते. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात याचे गुणक दिलेले आहेत. तुमच्यासारख्या बुटक्या, दोन पाखी घरात उतार १० अंशांचा असेल तर वाऱ्याकडच्या पाख्यावरची ओढ दाबाच्या १.२ पट येते, २० अंशांना ती ०.४ पटीवर उतरते. तुमच्या घरात भिंतीपासून आढ्यापर्यंत ११ फुटांत २ फूट चढ असेल तर तो १० अंशांचा उतार झाला, म्हणजे सगळ्यात वाईट. ४ फूट चढ दिला की २० अंश होतात. पत्रा वाचवायला उतार कमी करण्याची आपल्याकडची सवय अशी अंगाशी येते. त्यात वाऱ्याकडची खिडकी उघडी राहिली की आत शिरलेला वारा खालूनही ढकलतो.

तीन मिस्त्री तीन तऱ्हा सांगतात, कारण प्रत्येक जण आपल्या हातातले काम पाहतो. तुम्ही छप्पर कुठे सुटले ते पाहा. हुक सरळ झाले असतील तर ते बारीक, ६ मिमीचे होते. ८ मिमीचे हवेत. हुक जागेवर आणि पत्र्याची भोके फाटली असतील, तर पत्रा पातळ होता, वॉशर लहान होते किंवा हुक कमी होते. वेल्डिंग तुटून पाइप गेले असतील तर कैचीवर नुसते टाके मारले होते. आणि कैचीच टोकाला हलली असेल तर ती भिंतीत धरलेली नव्हती, दोन विटांच्या मध्ये ठेवून वरून माल भरला होता. तुमचे काही पत्रे पाइपासकट उसात सापडले, म्हणजे निदान तिथे पत्रा-हुक टिकले आणि वेल्डिंगने दगा दिला. सर्व्हेअरच्या ‘गंजलेले हुक’ या शेऱ्याला याहून चांगले उत्तर नाही. हे फोटो वेगळे लावा.

दुरुस्ती खालून वर करा. ताशी १४० किलोमीटरच्या वाऱ्यात तुमच्या उतारावर भिंतीच्या एका मीटरला २०० किलोंच्या आसपास ओढ येते, आणि कैचीच्या प्रत्येक टोकाला ती ७०० किलोंच्या पुढे जाते. मिस्त्रीने दोन विटांचे वजन ठेवून हे धरले जात नाही. भिंतीच्या माथ्यावर ६ इंच जाडीचा काँक्रीटचा पट्टा टाका, १० मिमीच्या चार सळया आणि ६ मिमीच्या रिंगा ६-६ इंचांवर. या पट्ट्यातून दर ४ फुटांवर १२ मिमीची एक सळई भिंतीत २ ते अडीच फूट खाली उतरवा आणि ती खोबण काँक्रीटने भरा. वारा मग नुसता पट्टा उचलू शकत नाही, त्याला खालची भिंतही उचलावी लागते. कैचीच्या टोकाशी १६ मिमीचे दोन बोल्ट पट्ट्यातच बसवा. पट्टा सात दिवस तरी पाणी मारून पिकू द्या. पाऊस गाठतोय म्हणून दुसऱ्या दिवशी कैची चढवणारे बरेच भेटतात, त्यांना थांबवा.

पाइप १२ फुटांच्या गाळ्याला, म्हणजे दोन कैच्यांमधल्या अंतराला, ५०×२५ मिमीचे पुरत नाहीत. ८०×४० मिमीचे, सुमारे ३ मिमी जाडीचे घ्या. एका पाख्याला पाच ओळी, दोन्हीकडची टोके धरून ३८ फुटांच्या, म्हणजे १९० फूट पाइप. २० फुटी १० नग पुरतात. वेल्डिंग कैचीवर पाइपाच्या दोन्ही अंगांनी सलग हवे आणि त्यावर रेडऑक्साइडचा गंजरोधक हात.

पत्रा साडेतीन फूट रुंदीचा असला तरी शेजारच्या पत्र्यावर चढवल्यावर (ओव्हरलॅप) ३ फूट ४ इंच झाकतो, म्हणून ३८ फुटांना १२ पत्रे. आताच्या उतारात १३ फुटी लागतील, चढ ४ फूट केला तर १४ फुटी. मात्र चढ वाढवायचा म्हणजे दोन्ही पाखी आणि कैच्या बदलणे आले. नुसते एक पाखे उचलता येत नाही. खर्च झेपत नसेल तर उतार आहे तोच ठेवा आणि पकड वाढवा. दुकानात ‘०.५० चा पत्रा’ म्हणतात त्यात रंग-थर धरलेला असतो, आतले लोखंड ०.४५ मिमी असते. बिलावर दोन्ही जाड्या लिहून घ्या.

हुकाऐवजी रबरी वॉशरचे स्क्रू वापरा, ५.५ मिमी जाडीचे, पाइपात पूर्ण उतरतील एवढ्या लांबीचे. आतल्या ओळींवर दर पत्र्याला चार, पण वळचणीच्या, आढ्याजवळच्या आणि दोन्ही टोकांच्या पट्ट्यात एकाआड एक घडीला एक. बारा पत्र्यांना ३५० स्क्रू आणा. रबर किंचित फुगेपर्यंतच आवळायचा. मशीन दाबून धरले की रबर चिरते आणि सहा महिन्यांत तिथेच गळते. पावसाळी वारा नैर्ऋत्येचा, म्हणून पत्रे उत्तरेच्या टोकापासून लावत दक्षिणेकडे या. म्हणजे पत्र्यावर चढलेल्या पत्र्याची उघडी कड वाऱ्याकडे राहत नाही. वळचण दीड फुटांपेक्षा जास्त बाहेर काढू नका. आणि संध्याकाळी ड्रिलचा कीस झाडूनच खाली उतरा, नाहीतर पहिल्या पावसात नव्या पत्र्यावर तांबेऱ्यासारखे ठिपके पडतात.

आता पैसे. २ लाख १० हजारांच्या कोटेशनवर ‘पत्र्याचे काम, एकूण’ एवढेच लिहिले असेल तर सर्व्हेअरने ते कापणारच. फॅब्रिकेटरकडून तीन रकान्यांचे कोटेशन घ्या. पहिल्यात वादळाने मोडलेले, आहे त्याच मापाचे बदलण्याचा खर्च. दुसऱ्यात आधीपासून खराब असलेले. तिसऱ्यात तुमची सुधारणा : जाड पाइप, काँक्रीटचा पट्टा, वाढीव चढ. कंपनीकडे मागायचा तो फक्त पहिला रकाना. लोक तिन्ही मिळून मागतात, मग कंपनी तिन्हीवर संशय घेते. प्रत्येक बाबीला माप, नग, दर हवा. दरासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीशी तुलना जोडा.

पॉलिसीचा कागद बँकेकडून मागवा. भारत गृह रक्षा ही विमा नियामकाने ठरवून दिलेली प्रमाणित पॉलिसी आहे, १ एप्रिल २०२१ पासून लागू. घराचे अंशतः नुकसान झाल्यास ते नुकसानीच्या वेळच्या स्थितीत आणण्याचा दुरुस्तीखर्च त्यात मिळतो, पण आधी तुम्ही खर्च करायचा आणि मग मागायचा. म्हणून जीएसटी बिलाशिवाय काम देऊ नका. कच्च्या पावतीवर फॅब्रिकेटर चार पैसे कमी घेईल, पण दाव्यात ती रक्कम शून्य. मलबा हटवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि अभियंत्याची फी ५ टक्क्यांपर्यंत याच पॉलिसीत मिळते. तेव्हा स्वतंत्र स्थापत्य अभियंत्याचा दोन पानी अहवाल घ्याच. विमा रक्कम कमी होती म्हणून प्रमाणात कपात केली असेल तर हरकत घ्या, या पॉलिसीत तशी कपात माफ आहे.

सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागा आणि एकच प्रश्न विचारा : झिजेपोटी केलेली कपात पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली? हुक गंजले होते हे खरे असू शकते, पण त्या दिवशी दुपारी छप्पर जागेवर होते आणि संध्याकाळी वादळानंतर नव्हते. वादळ झाले याचा पुरावा म्हणून गावच्या पंचनाम्याची प्रत तहसील कार्यालयातून घ्या. मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा. महसूल मंडळांच्या ठिकाणी ‘महावेध’ची स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, त्यांत वाऱ्याच्या वेगाचीही नोंद होते. केंद्र तुमच्या घरापासून दूर असेल तर कमी वेग दिसू शकतो. तेव्हा त्याच संध्याकाळी पडलेल्या विजेच्या खांबांच्या, झाडांच्या नोंदी आणि फोटो सोबत जोडा.

मंजूर ६८ हजार ‘हरकत राखून’ घेतो असे लिहून घ्या. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार द्या, विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या तक्रार संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तिची नोंद करा. महिन्याभरात उत्तर न आल्यास किंवा पटले नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. सातारा जिल्हा त्यांच्याच कक्षेत येतो. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात, कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षात जायचे. दुसरा रस्ता साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथे मुदत दोन वर्षे, आणि मोबदला म्हणून तुम्ही भरलेला हप्ताच धरतात, तो ५ लाखांच्या आत असल्याने फी लागत नाही. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही. तुमच्यासारख्या कागदावर मिटणाऱ्या वादाला लोकपाल बरा. साक्षीदार, उलटतपासणी लागणार असेल तर आयोग.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. कर्जाचे घर असल्याने दाव्याचे पैसे बँकेच्या नावे येऊन कर्जखात्यात वळते होऊ शकतात. ते दुरुस्तीसाठी सोडावेत असे पत्र शाखाधिकाऱ्याला पैसे येण्याआधी द्या.

फॅब्रिकेटरला सगळे पैसे आधी देऊ नका. माल जागेवर उतरल्यावर एक हप्ता, पाइप वेल्ड होऊन तुम्ही पाहिल्यावर दुसरा, आणि दहा टक्के पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात. पत्रे चढल्यावर वेल्डिंग पाहता येत नाही, म्हणून मधला हप्ता महत्त्वाचा.

प्रश्न : मेढ्याजवळ जुने कौलारू घर आहे, विमा नाही. आंब्याची फांदी पडून पाखे फुटले, दोन वासे मोडले. नव्याने पत्रे टाकावेत का? सरकारी मदत किती मिळते?
— एक वाचक, जावळी तालुका

उत्तर : मदतीचा आकडा आधी, म्हणजे हिशेब बसवता येईल. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ च्या निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये आहेत. घर पूर्ण गेले तर सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार. गोठ्याला ३ हजार. पंचनाम्यात टक्केवारी लिहिली आहे का ते सही करण्याआधी वाचा. नुसते ‘कौले फुटली’ एवढ्यावर फाइल परत येते. फांदी हटवण्याआधी फोटो काढून ठेवा.

कौले काढून पत्रे टाकण्याची घाई करू नका. कौलांचे वजन चौरस मीटरला ४० किलोंच्या आसपास असते आणि जुने छप्पर त्या वजनानेच जागेवर बसलेले असते. वासे भिंतीवर नुसते टेकवलेले असतात. कौले जाऊन साडेचार किलोचा पत्रा आला की तेच वासे वाऱ्यात उचलले जातात. पत्रे टाकायचेच तर आधी वासे आणि भिंत बांधावी लागते, तो खर्च कोटेशनमध्ये नसतो.

मोडलेला वासा पूर्ण काढणे शक्य नसेल तर त्याच मापाचा साग, ऐन किंवा किंजळाचा तुकडा शेजारी लावा, मोडीच्या दोन्ही बाजूंना किमान अडीच-तीन फूट जाईल असा. १२ मिमीचे बोल्ट आणि मोठे वॉशर वापरा. खिळ्यांनी जुने लाकूड तडकते. मंगलोरी कौले चौरस मीटरला १५ लागतात, म्हणजे एका ब्रासला, १०० चौरस फुटांना, १४० आणि फूटतूट धरून १५५. खरी गोची वेगळीच आहे. वेगवेगळ्या कारखान्यांच्या साच्यांची खाच एकमेकांत बसत नाही. नवी-जुनी मिसळली की एकाआड एक फट राहते आणि जावळीच्या पावसात त्या फटीतून पन्हाळीसारखे पाणी येते. म्हणून नवी कौले एका अख्ख्या पाख्यावर घाला आणि तिथली शाबूत जुनी कौले दुसऱ्या पाख्याच्या डागडुजीला वापरा. वळचणीच्या दोन आणि आढ्याखालची एक ओळ रिपेला तारेने बांधा. वादळात पहिली उचलली जातात ती याच ओळींची.

प्रश्न : वादळी पावसात स्लॅब गळून पीओपी पडले. कंपनीने दावा पूर्ण नाकारला. लोकपालाकडे जाऊ का?
— एक वाचक, फलटण

उत्तर : तुम्ही लिहिल्यावरून कंपनीचे बरोबर दिसते. वादळाने काही मोडून पाणी आत आले तर ते वादळाचे नुकसान. स्लॅब जागेवर आहे आणि जुन्या भेगेतून पाणी झिरपले, तर ती देखभालीची बाब. टाकी उलटून किंवा कठड्याची भिंत पडून स्लॅबला चीर गेली असेल तर गोष्ट निराळी, आणि ते कारण अभियंत्याकडून लिहून घ्या. तसे नसेल तर लोकपालाकडे जाण्यात घालवायचा वेळ वॉटरप्रूफिंगला द्या. भेग व्ही आकारात अर्धा इंच खोदून पॉलिमर मॉर्टरने भरायची, उतार पाइपाकडे आहे का ते बादलीभर पाणी ओतून पाहायचे, काम झाल्यावर ४८ तास दोन इंच पाणी साठवून खालून तपासायचे. गळत्या स्लॅबवर आणखी एक कोब्याचा थर घालणारा मिस्त्री घराचे वजन वाढवतो, भेग तशीच राहते.

प्रश्न : पैशांची नड होती म्हणून ‘पूर्ण व अंतिम’ पावतीवर सही केली. आता काहीच करता येत नाही का?
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर : येते, पण वाट अवघड. १९९९ साली युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध अजमेरसिंग कॉटन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नुसत्या पावतीवर सही केल्याने ग्राहकाचा हक्क जात नाही. मात्र सही फसवणूक, दिशाभूल, दबाव किंवा तत्सम कारणाने झाली हे ग्राहकाने दाखवायला हवे. नंतर सहा महिने गप्प बसलात तर ते दाखवणे कठीण जाते. सही अलीकडची असेल तर आजच कंपनीला पोचपावतीच्या टपालाने पत्र पाठवा : कोणत्या तारखेला, कोणी, काय सांगून सही घेतली, तेव्हा घराची काय अवस्था होती, आणि किती रक्कम बाकी आहे असे तुमचे म्हणणे आहे. त्याआधी पाठवलेले मेसेज, कपातीवर घेतलेली तोंडी हरकत, दुरुस्तीची बिले जोडा. लोकपाल किंवा आयोगाकडे जाण्याची मुदत मोजताना पत्राची तारीख धरू नका, कंपनीच्या निर्णयाची तारीख धरा.